गावानंच पाडलेला गड

श्रोतेहो, नमस्कार. असिसी हे नाव तुम्ही संत फ्रान्सिसमुळे ऐकलं असेल. जुन्या गोव्यात त्याच्या नावाचं चर्चही आहे. आज मात्र त्या गावाच्या डोक्यावरच्या किल्ल्याबद्दल बोलूया. रोक्का मॅज्जोरे, म्हणजे थोरला गड. मध्य इटलीतला उंब्रिया प्रांत, सुबासिओ डोंगराचा उतार, उतारावर गाव आणि वर गड.

हा गड गाव राखायला नव्हता, गावावर नजर ठेवायला होता. पुन्हा सांगतो, नजर गावावर. 12व्या शतकाच्या अखेरीस तिथे जर्मन सम्राटाचा सरदार कॉनराड, स्पोलेतोचा ड्यूक, याचा अंमल होता. 1197 साली सम्राट सहावा हेन्री वारला. मुलगा फ्रेडरिक जेमतेम पावणेतीन वर्षांचा. पुढच्याच वर्षी नवे पोप तिसरे इनोसंट यांनी कॉनराडला नमवलं. शरणागतीसाठी तो नार्नीला गेला आणि इकडे गडाला धनी उरला नाही.

पोपना गड हवा होता. गावकऱ्यांनी काय केलं असेल? एक धनी गेला, तर दुसरा येऊन बसणार. बुरूज तेच, दरवाजा तोच. मग धनी बसायची जागाच नको! अख्खं गाव वर चढलं आणि त्यांनी गड पाडला. शत्रूनं नव्हे, गावानं. आपल्याकडे जुना वाडा उतरवला की घडीव दगड कुणी टाकून देत नाही. त्यांनीही दिले नाहीत. तेच दगड खाली आणून गावाभोवती तट घातला. काल गावावर डोळे वटारणारा दगड आज गावाची राखण करायला उभा!

फ्रान्सिस तेव्हा सोळा-सतरा वर्षांचा, कापडवाल्याचा पोरगा. पुढे सान दामियानोचं मोडकळीला आलेलं देऊळ त्यानं दगड मागून आणून स्वतःच्या हातांनी सावरलं. दगडावर दगड बसवायची ती सवय त्याला 1198च्या त्या तटावरच लागली असणार, असं मला मनापासून वाटतं.

आणि हो, गड पायीच चढावा. इथला असो की तिथला. गाडी दारापर्यंत नेली की गड कळतच नाही. उतरणाऱ्यानं चढणाऱ्याला ‘अजून थोडंच राहिलंय’ म्हणायचं, ती मजा गाडीत कुठून येणार?

असो. आज दिसतो तो गड 1360च्या दशकात कार्डिनल आल्बोर्नोस यांनी पुन्हा उभारलेला, पोपसाठीच. म्हणजे दीडशेहून अधिक वर्षांनी धनी आलाच. तटाच्या पोटातून एक लांबलचक अरुंद बोळ दूरच्या बुरुजापर्यंत जातो. आत अंधार. मधूनमधून बाण मारायच्या फटी, त्यांतून बोटभर ऊन जमिनीवर पडलेलं. त्या फटींपैकी गावाकडच्या एखादीला डोळा लावा. खाली कौलं दिसतील, गुलाबी-पांढऱ्या दगडाच्या भिंती दिसतील, आणि त्यांच्याभोवती तो तट.