रूळ, मळी आणि लुइसची मंडळी

नमस्कार श्रोतेहो.

जुन्या वास्तू म्हटलं की आपल्याला सरकारी पुरातत्त्व खात्याचा फलक आठवतो. व्हिक्टोरिया राणीच्या काळातल्या इंग्लंडात मात्र हे काम बऱ्याच अंशी गावोगावच्या हौशी मंडळींनी अंगावर घेतलं होतं. पगार नाहीच, उलट वर्गणी आपल्याच खिशातून. अशा एका संस्थेची हकीकत आज सांगणार आहे. दक्षिण इंग्लंडातल्या ससेक्स परगण्याची पुरातत्त्व संस्था, स्थापना १८४६, मुक्काम लुइस.

संस्थेच्या जन्माला रेल्वे कारण झाली. ब्रायटनहून लुइसमार्गे हेस्टिंग्जकडे लोहमार्ग घालायचं काम चाललं होतं, आणि त्याची आखणी नेमकी सेंट पॅन्क्रसच्या पडक्या मठातून गेली होती. हा मठ अकराव्या शतकातला, क्लूनी या ख्रिस्ती संन्याशांच्या पंथाचा इंग्लंडातला पहिला. आठव्या हेन्रीच्या राजवटीत, १५३८ साली, तो जमीनदोस्त केलेला. ऑक्टोबर १८४५ मध्ये तिथे खणताना मजुरांना शिशाच्या दोन पेट्या लागल्या. लांबी जेमतेम तीन फूट, आत हाडं. एकीवर नाव गुंद्राडा, दुसरीवर विल्यम. मठ ज्यांनी स्थापला तेच हे दांपत्य, विल्यम द वॉरेन आणि त्याची बायको! मूळ थडग्यांतली हाडं पुढे कधीतरी गोळा करून या पेट्यांत ठेवली असणार, म्हणून त्या एवढ्या आखूड.

गंमत अशी की गुंद्राडाच्या थडग्यावरची कोरीव काळी शिळा सत्तर वर्षं आधीच हाती आली होती, तीही इसफील्डच्या चर्चमध्ये, दुसऱ्याच एका गृहस्थाच्या कबरीवर! ती लुइसजवळच्या साउथओव्हर चर्चमध्ये आणून ठेवलेली होती. आता पेट्याही तिथेच गेल्या.

रेल्वेने मार्ग अर्थातच वळवला नाही. जून १८४६ मध्ये गाड्या धावू लागल्या आणि त्याच वर्षी संस्था उभी राहिली. पाद्री, जमीनदार, डॉक्टर, वकील असे सभासद. चिटणीस ब्लाउ हे तेराव्या शतकातल्या सरदारांच्या बंडाचे अभ्यासक. संस्थापकांपैकी मला सगळ्यांत जवळचे वाटतात ते मार्क अँटनी लोअर. शाळामास्तर, आणि शाळामास्तरांचेच चिरंजीव. आडनावांपासून कुलचिन्हांपर्यंत कशाचंही त्यांना कुतूहल.

१८४८ पासून संस्थेचे शोधनिबंधांचे खंड निघू लागले. १८४९ साली लोअरनी ससेक्समधल्या लोखंडाच्या जुन्या भट्ट्यांवर लिहिलं. त्यातला एक प्रसंग ऐका. मेअर्सफील्डचे पाद्री एडवर्ड टर्नर १८४४ साली रस्त्याने जाताना थबकले. रस्ता दुरुस्तीसाठी मळीचा, म्हणजे लोखंड गाळताना उरणाऱ्या चोथ्याचा, ढीग टाकलेला होता आणि त्यात त्यांना रोमन खापराचा तुकडा दिसला. मळी कुठून आणली याचा माग काढत ते एका शेतावर पोचले. तिथे ढिगांमध्ये रोमन नाणी, भांडी! म्हणजे या रानात रोमन लोकही लोखंड गाळत होते. पाद्रीबाबा खाली न बघता पुढे गेले असते तर तेवढा पुरावा चाकांखाली जाणार होता. हडप्प्याच्या विटा याच शतकात लाहोर-मुलतान रेल्वेची खडी म्हणून गेल्या, हे आपल्याला ठाऊक आहेच.

ही मंडळी खणण्यात फार तरबेज होती असं मी म्हणणार नाही. आजच्या शिस्तीने पाहिलं तर त्या काळातलं बरंचसं खोदकाम घाईचं होतं. त्यांची खरी कमाई वेगळी. ती तिथेच राहत होती, जाता-येता बघत होती आणि बघितलेलं लिहून ठेवत होती.

तर्कात मात्र घसरायची. गुंद्राडा ही विल्यम द कॉंकररची, म्हणजे इंग्लंड जिंकणाऱ्या नॉर्मन राजाची, मुलगी, असं ब्लाउंनी हिरिरीने मांडलं. राजकन्या आपल्या गावात पुरलेली असणं कोणाला आवडणार नाही? वाद रंगला तो चाळीसएक वर्षं. शेवटी १८८८ साली इतिहासकार फ्रीमन यांनी तो दावा मोडीत काढला.

संस्थेने १८५० साली लुइसचा किल्ला भाड्याने घेतला आणि तिथे वस्तुसंग्रह मांडला. पुढे तिचं बस्तान किल्ल्याशेजारच्या कॅसल लॉज या घरात होतं. ते घर १९०३ साली चार्ल्स डॉसन नावाच्या वकिलाने स्वतःसाठी विकत घेतलं. हा संस्थेचाच सभासद! संस्थेला बिऱ्हाड हलवावं लागलं. ती जवळच्याच बार्बिकन हाउसमध्ये गेली, आणि आजही तिचं संग्रहालय तिथे आहे.

१९१२ साली याच डॉसनने ससेक्समधल्याच पिल्टडाउन गावची कवटी जगापुढे आणली. माकड आणि माणूस यांच्यामधला दुवा म्हणून ती गाजली. ती बनावट आहे, माणसाच्या कवटीला ओरांगउटानचा जबडा जोडलेला आहे, हे सिद्ध व्हायला १९५३ साल उजाडलं. लुइसच्या मंडळींना डॉसनची ओळख मात्र कवटीच्या आठ-नऊ वर्षं आधीच पटली होती, घर रिकामं करताना.