मुखपृष्ठावरचा सोनेरी शिक्का

(पुस्तकाच्या मुखपृष्ठावर कॅमेरा हळूहळू जवळ जातो.)

मुखपृष्ठावरचा हा सोनेरी गोल पाहा. बोट फिरवलं तर उंचवटा लागतो. मूल तो आधी नखानं खरवडून बघतं आणि मग पुस्तक उघडतं. मोठी माणसं मात्र तेवढा गोल बघूनच पुस्तक विकत घेतात.

हे मुलांच्या पुस्तकांसाठीचं न्यूबेरी पदक. अमेरिकेतल्या ग्रंथपालांच्या संघटनेनं ते १९२२ मध्ये पहिल्यांदा दिलं. नाव मात्र लंडनच्या माणसाचं, अठराव्या शतकात मुलांसाठी पुस्तकं छापून विकणाऱ्या जॉन न्यूबेरीचं. पुढे १९३८ मध्ये चित्रपुस्तकांसाठी कॅल्डेकॉट पदक आलं. १९५६ पासून हान्स ख्रिश्चन अँडरसन पुरस्कार दिला जाऊ लागला. तो एकाच पुस्तकासाठी नसतो, लेखकाच्या आजवरच्या सगळ्या कामासाठी असतो. चित्रकारांना मात्र त्यासाठी आणखी दहा वर्षं थांबावं लागलं.

मुलांच्या पुस्तकांसाठीच्या ब्रिटनच्या कार्नेगी पदकाची यादी वाचताना तीन ठिकाणी नजर अडते. १९४३, १९४५ आणि १९६६. या वर्षांसमोर नावच नाही. परीक्षकांना एकही पुस्तक त्या तोलाचं वाटलं नाही, म्हणून पदक दिलंच नाही. मला या तीन रिकाम्या ओळी यादीतल्या कित्येक नावांपेक्षा बोलक्या वाटतात.

परीक्षक सगळे मोठे आणि वाचक सगळे छोटे, ही या पुरस्कारांची जुनी अडचण. जर्मनीच्या राष्ट्रीय बालसाहित्य पुरस्कारात २००३ पासून किशोरवयीन वाचकांचं स्वतंत्र परीक्षक मंडळ असतं. पुरस्कार सुरू झाल्यापासून एवढं सुचायला जवळजवळ पन्नास वर्षं लागली!

आणि मुलांची मासिकं? त्यांच्या वाट्याला शिक्के कमीच येतात. मासिकाला एक लेखक नसतो. एखादा अंक उत्तम निघतो, पुढचा जेमतेम. दर महिन्याला नव्यानं पास व्हावं लागतं आणि वाचून झाला की अंक रद्दीत जातो. पदक चिकटवायचं तरी कशावर?

एका मासिकानं मात्र हा खेळच उलटा केला. १८७३ मध्ये अमेरिकेत सुरू झालेलं ‘सेंट निकोलस’. १८९९ पासून ते वाचक मुलांनाच बक्षिसं देऊ लागलं. मुलांनी कविता, गोष्टी, चित्रं पाठवायची. त्यातली निवडक अंकात छापून यायची आणि सर्वोत्तम ठरणाऱ्यांना रुपेरी किंवा सोनेरी बिल्ला मिळायचा.

बिल्ला मिळालेल्या मुलांपैकी एक होता ई. बी. व्हाइट. मोठेपणी त्यानं एका डुकराच्या पिल्लाची आणि कोळिणीची गोष्ट लिहिली, ‘शार्लट्स वेब’. १९५३ मध्ये ती न्यूबेरीच्या स्पर्धेत होती. पदक गेलं ‘सीक्रेट ऑफ द अँडीज’ या पुस्तकाला आणि व्हाइटची कोळीण उपविजेती ठरली.

(ग्रंथालयातलं कपाट. पानांचे कोपरे दुमडलेली एक जुनी प्रत.)

उपविजेत्या पुस्तकांना ‘ऑनर’ पुस्तक म्हणायचं ठरलं ते १९७१ मध्ये, आणि जुन्या उपविजेत्यांनाही तो मान मागाहून मिळाला. तोवर व्हाइटच्या कोळिणीला वाचणारी पहिली मुलं स्वतः आईबाप होऊ लागली होती.