दुसरा खड्डा

(ग्रामपंचायत सदस्य, ग्रामसेवक आणि गवंडी यांच्या प्रशिक्षणात दिलेल्या व्याख्यानाचं संपादित रूप)

मंडळी, आज संडास बांधण्याबद्दल बोलायचं आहे. खरं तर भिंती, दार आणि टाइल्स सोडून जे उरतं त्याबद्दल. गावात कुणी नवा संडास दाखवला की आपण दार उघडून आत डोकावतो, आणि रंग चांगला दिलाय म्हणून बाहेर येतो. पाहायला हवं ते मागच्या बाजूला, जमिनीखाली असतं.

दोन शोषखड्ड्यांचा संडास म्हणजे काय, हे बहुतेकांना ठाऊक आहे. एक खड्डा वापरात, दुसरा रिकामा. पहिला भरला की चेंबरमधून, म्हणजे पाइपची वाट दोन खड्ड्यांकडे फुटते त्या छोट्या हौदातून, वाट बदलायची, मैला दुसऱ्यात सोडायचा. पहिला झाकून ठेवायचा, निदान दोन वर्षं. तेवढ्या काळात पाणी मातीत जिरतं, जिवाणू आपलं काम करतात, जंतांची अंडी मरतात आणि आत उरतं ते काळसर, भुसभुशीत, वास नसलेलं खत. आपल्या भाषेत त्याला फार जुना शब्द आहे: सोनखत. कणकवलीजवळ गोपुरी आश्रमात गांधीवादी कार्यकर्ते आप्पा पटवर्धनांनी याच सोनखतासाठी आयुष्य वेचलं. सरकारी योजना आणि अनुदानं नंतरची.

पण गावोगाव झालंय काय? घरमालक म्हणतो, "दोन लहान कशाला, एकच दणदणीत मोठा करा, पुन्हा बघायला नको." गवंड्यालाही एकच खणणं सोपं. मग सहा फूट रुंद, दहा फूट खोल खड्डा होतो. आता हिशोब करू. शोषखड्ड्यात एका माणसाचा वर्षाला साधारण 45 लिटर गाळ साचतो असं धरा. पाच माणसांचे 225 लिटर. या खड्ड्यात साडेसात हजार लिटर मावतात, म्हणजे भरायला तीसच्या वर वर्षं. घरमालक खूश. पण तो भरेल त्या दिवशी सगळ्यात वर कालचाच मैला असणार, आणि दुसरा खड्डा नाही. तो उपसायचा कोणी? यंत्र आलं तर ठीक, नाहीतर कुणातरी माणसाला आत उतरवलं जातं. आत विषारी वायू असतो, ऑक्सिजन नसतो, आणि पहिला वर आला नाही म्हणून दुसरा उतरतो. माणसाकडून हाताने मैला उपसून घेणं 2013च्या कायद्याने गुन्हा आहे. एक खड्डा बांधणारा नकळत तो गुन्हा तीस वर्षं पुढे ढकलून ठेवतो. शिवाय दहा फुटांवर कित्येक ठिकाणी पावसाळ्यात भूजल लागतं. मग मैला थेट विहिरीच्या पाण्यात.

आता लहान खड्ड्याचा हिशोब. आतून एक मीटर व्यास, आणि पाइपच्या तोंडाखाली एक मीटर खोली. मावतात 785 लिटर. पाच माणसांचे तीन वर्षांचे 675. म्हणजे पाच जणांच्या घराला एक खड्डा तीन वर्षं आरामात पुरतो. तोवर दुसरा कुजून तयार. पाइपच्या वर झाकणापर्यंत वीतभर, जमलं तर एक फूट मोकळी जागा सोडा. दोन खड्ड्यांमध्ये किमान एक मीटर अंतर ठेवा. ते कमी केलंत तर चालू खड्ड्याचं पाणी झिरपून बंद खड्ड्यात जातं आणि तिथलं कुजणं कधी संपतच नाही.

भिंत जाळीदार बांधायची. एक थर सलग, पुढच्या थरात विटांमध्ये दोन इंचांची भोकं, पुन्हा सलग. माती वाळूसारखी सुटी असेल तर भोकं अर्ध्या इंचाची, नाहीतर भिंतीमागची माती आत येते. पाइपच्या वरचा भाग मात्र सलग. कोकणात विटांऐवजी जांभ्याचे चिरे फटी ठेवून रचतात, तेही चालतं. तयार सिमेंटच्या रिंगा घ्यायच्या तर भोकांच्याच घ्या. विहिरीसाठीच्या बिनभोकांच्या रिंगा स्वस्तात मिळाल्या म्हणून बसवल्या की तो खड्डा राहत नाही, टाकी होते. तळाला काँक्रीट घालायचं नाही. हे दहादा सांगूनही होतं, कारण "पक्कं काम" म्हटलं की हात आपोआप सिमेंटकडे जातो.

मातीचा प्रश्न जरा निवांत समजून घेऊ, कारण बहुतेक तक्रारी इथूनच येतात. पाणी जिरतं ते भिंतीतून. तळ काही महिन्यांत गाळाने बुजतो, तो हिशोबात धरूच नका. वाळूमिश्रित जमीन चौरस मीटरमागे दिवसाला 50 लिटरपर्यंत पाणी पिते, पोयट्याची 20 ते 30, आणि आपली काळी चिकणमाती जेमतेम 10. आपल्या खड्ड्याला विटेच्या जाडीसकट बाहेरून जवळपास पावणेचार चौरस मीटर भिंत मिळते. काळ्या मातीत ती दिवसाला 38 लिटर जिरवेल. पाच माणसांचं घर रोज साधारण 50 लिटर खड्ड्यात सोडतं. बारा लिटर रोज उरले की काही आठवड्यांत भांड्यात पाणी थांबायला लागतं आणि लोक म्हणतात, खड्डा भरला. भरलेला नसतो, तुंबलेला असतो. उपाय सोपा आहे. काळ्या मातीत खड्डा चहूबाजूंनी फूटभर जास्त खणा, आणि भिंत व माती यांच्यामध्ये वाळू, विटांचा चुरा किंवा बारीक खडी भरा. पाणी जिरण्याची कड बाहेर सरकते, क्षेत्र साडेपाच चौरस मीटरच्या वर जातं, आणि 50 लिटर निभतात.

या 50 लिटरमध्येच दुसरी मेख आहे. ते तेवढेच राहतात, कारण ग्रामीण भांड्याला तीव्र उतार असतो, 25 ते 28 अंशांचा, आणि त्याच्या ट्रॅपमध्ये, म्हणजे भांड्याखालच्या वाकड्या नळीत (गवंडी तिला कोंबडा म्हणतात), पाणी फक्त 20 मिलिमीटर उभं असतं. दीड-दोन लिटरमध्ये भांडं साफ. शहरी दुकानातलं सपाट भांडं आणि 50 मिलिमीटरचा ट्रॅप बसवला की दर वेळी बादलीभर पाणी ओतावं लागतं. दुकानात दोन्ही शेजारी शेजारी रचलेली असतात, दिसायला सारखीच, आणि शहरीच जास्त चकचकीत. विकत घेताना ट्रॅपमध्ये पाणी ओता आणि पट्टी बुडवून पाहा. न्हाणीघराचं पाणी तर चुकूनही या खड्ड्यात सोडू नका. पाच माणसांच्या आंघोळीचंच दोनशे लिटर होतं. त्याला वेगळा शोषखड्डा किंवा परसातली केळ.

पाइप चार इंची, उतार पंधराला एक. म्हणजे दीड मीटरच्या पाइपला दहा सेंटिमीटर उतार. पाणसाळ लावून बघा, डोळ्यांनी ठरवू नका. वाटेत कोपरे नकोत, वळण घ्यायचं ते चेंबरमध्येच.

आणि हे चेंबर म्हणजे या सगळ्याचं मर्म. इंग्रजी वाय अक्षराच्या आकाराची गुळगुळीत नाली, एक तोंड संडासाकडून, दोन खड्ड्यांकडे. त्यातलं एक नेहमी बंद. बंद करायला वीट आणि वर चिकणमातीचं लिंपण, किंवा मातीत भिजवलेलं गोणपाट गच्च कोंबून. सिमेंटने बंद करू नका, तीन वर्षांनी ते फोडायला छिन्नी लागते आणि नाली तडकते. दिसणाऱ्या चुका तीनच, पण सर्रास. एक, दोन्ही तोंडं उघडी ठेवलेली: दोन्ही खड्डे एकदमच भरतात, विश्रांती कुणालाच नाही. दोन, चेंबरवर अंगणाचा कोबा ओतलेला, मग चेंबर आहे हे पुढच्या पिढीला कळतही नाही. तीन, दुसरा खड्डा नुसतं झाकण, खाली माती. अनुदानाच्या फोटोसाठी तेवढं पुरतं! म्हणून ग्रामपंचायतीने पाहणी करायची ती झाकणं बसवण्याआधी, काठी खाली टाकून खोली मोजून. 2014 नंतर बारा हजारांचं अनुदान मिळालेल्या कितीतरी संडासांमध्ये ही काठी कधी टाकलीच गेली नाही, ते आज दुरुस्तीला आले आहेत. दुरुस्ती फार अवघड नसते. जुना एक खड्डा योग्य खोलीचा असेल तर शेजारी दुसरा खणा, मध्ये चेंबर घाला, झालं.

वास बाहेर जाण्यासाठी उभा पाइप लावायचा का, हा नेहमीचा प्रश्न. नको. शोषखड्ड्यातला वायू जाळीतून मातीत शोषला जातो. उभा पाइप लागतो तो सेप्टिक टँकला. शोषखड्ड्याला लावला तर वास आणि डास दोघांना वाट मिळते.

विहीर आणि हातपंप यांच्यापासून दहा मीटर तरी लांब राहा. खड्ड्याचा तळ आणि पावसाळ्यातलं भूजल यांच्यात दोन मीटर माती हवी. मोजमाप भादव्यात घ्या, वैशाखात नाही. फुटलेला कातळ किंवा भेगाळ जांभा असेल तर दहा मीटरांवरही विसंबू नका, कारण भेगेतून पाणी गाळलं न जाताच पळतं. पाणी फार वर असेल तर खड्डे जमिनीवर उचलून बांधायचे आणि भोवती मातीचा भराव द्यायचा. मग भांडंही तेवढं उंच जातं, पायऱ्या येतात, म्हातारी माणसं कुरकुरतात. तो हिशोब बांधण्याआधी घरच्यांसमोर मांडा. झाकण जमिनीपेक्षा चार बोटं वर ठेवा आणि कड लिंपा. मुसळधार पावसात अंगणातलं पाणी आत शिरलं की महिन्याभराचं कुजणं वाया.

रोजच्या वापरात दोनच पथ्यं. ॲसिड आणि फिनाइल नको, ते आतले जिवाणू मारतात; ब्रश आणि चिमूटभर साबण पुरतो. आणि सॅनिटरी पॅड, प्लास्टिक, चिंध्या आत नकोत, त्या कुजत नाहीत आणि पहिल्याच कोपऱ्यात अडकतात.

आता पालट. भांड्यातलं पाणी हळू उतरायला लागलं की आधी पाइप तुंबला नाही ना ते बघा, मग झाकण उघडून पातळी. पाइपच्या तोंडाशी आली असेल तर चेंबरमधली वीट इकडून काढून तिकडे लावायची. पंधरा मिनिटांचं काम. त्याच दिवशी बंद खड्ड्याच्या झाकणावर खिळ्याने किंवा ऑइलपेंटने महिना आणि वर्ष लिहा. ग्रामपंचायतीच्या वहीत घरवार एक ओळ ठेवा: पालट कधी, रिकामा करायचा कधी. ही वही नसेल तर चौथ्या वर्षी कुणालाच काही आठवत नाही.

रिकामा करायचा तो चैत्र-वैशाखात, खड्डा कोरडा असताना. झाकण काढून दिवसभर उघडं ठेवा. फावड्याने वरचा थर हलवा. मातीसारखा सुटला, वास आला नाही, तर काढायला हरकत नाही. चिकट, ओला आणि वास येणारा असेल तर झाकण परत लावा आणि चेंबरमधलं लिंपण तपासा, तिथून पाणी झिरपत असणार. लोकांची भीती मोडायची तर सांगण्यापेक्षा दाखवणं बरं. 18 फेब्रुवारी 2017ला केंद्राच्या स्वच्छता खात्याचे सचिव परमेश्वरन अय्यर तेलंगणातल्या गंगादेवीपल्लीत स्वतः अशा खड्ड्यात उतरले आणि हाताने खत बाहेर काढलं. आपल्या गावात सरपंचाच्या घरचा खड्डा पहिला उघडला तर उत्तम.

काढलेलं खत आठ-दहा दिवस उन्हात पसरा. फळझाडांना द्या, आंबा, चिकू, नारळ. पालेभाजी, मुळा, गाजर यांना नको. खड्डा रिकामा झाला की भिंतीच्या भोकांत अडकलेला गाळ काठीने मोकळा करा, ढिल्या विटा बसवा, झाकणाला तडा गेलाय का बघा, आणि मगच बंद करा. पुढच्या पालटीला तोच लागणार आहे.