गूढकथेला जागा लागते

श्रोतेहो, नमस्कार.

जुनी माणसे लहान मुलांना दोन वेळी एकटे बाहेर पडू देत नसत, एक तिन्हीसांजेला आणि दुसरी भर दुपारी बारा वाजता. तिन्हीसांजेचे भय कथाकारांनी आणि चित्रपटकारांनी पुरेपूर वापरले आहे. दुपारच्या भयाकडे मात्र फार थोडे जण वळले, आणि वैशाखातल्या दुपारी ज्या सोलापुरात अख्खी पेठ दारे लोटून बसते, त्या आपल्या गावाला तरी याचे नवल वाटायला हवे. भयकथा आणि गूढकथा लिहिणाऱ्यांना प्रत्यक्षातल्या जागा नेमके काय देतात, हा आजचा विषय आहे, आणि त्याची सुरुवात अशाच एका दुपारपासून करणे मला योग्य वाटते.

१८७८ साली, वयाच्या १७ व्या वर्षी, विलायतेला जाण्यापूर्वी रवींद्रनाथ ठाकूर अहमदाबादला थोरले बंधू सत्येंद्रनाथ यांच्याकडे राहायला आले. सत्येंद्रनाथ तेथे न्यायाधीश होते आणि त्यांचा मुक्काम शाहीबागेतल्या महालात होता. हा महाल शहाजहानने गादीवर येण्यापूर्वी, गुजरातचा सुभेदार असताना बांधलेला. बंधू न्यायालयात गेले की त्या अवाढव्य वास्तूत हा मुलगा दिवसभर एकटा उरे. खाली उन्हाळ्याने रोडावलेली साबरमती, दुपारभर चाललेले कबुतरांचे घुमणे, आणि काही कारण नसताना एका दालनातून दुसऱ्या दालनात फिरत राहण्याची अनावर ओढ, असे त्या दिवसांविषयी त्यांनी आपल्या आठवणींत लिहून ठेवले आहे. त्यात किंकाळी नाही, आकृती नाही, अंधारसुद्धा नाही. तरीही 'क्षुधित पाषाण' या कथेचे मूळ त्या महालात आहे, असे ते स्वतःच सांगतात. ही कथा त्यांनी लिहिली १८९५ मध्ये, म्हणजे मध्ये तब्बल १७ वर्षे गेली.

या कथेत रवींद्रनाथांनी काय बदलले आणि काय ठेवले, हे पाहण्यासारखे आहे. अहमदाबाद गेले, साबरमतीचे नाव गेले, न्यायाधीशही गेला. त्यांच्या जागी आला निजामाच्या चाकरीत असलेला, कापसावरचा कर वसूल करणारा एक अधिकारी. निजामाची हद्द आणि कापूस या दोन्ही गोष्टी सोलापूरकरांच्या अगदी उंबऱ्यावरच्या, म्हणून हा तपशील मला नेहमी जवळचा वाटत आला आहे. हा अधिकारी एका संध्याकाळी नदीकडे उतरणाऱ्या पायऱ्यांवर बसलेला असताना त्याला मागून पावलांचा आवाज येतो, पुष्कळ स्त्रिया हसत-खिदळत स्नानाला उतरत असाव्यात असा. तो वळून पाहतो, तर कोणीही नाही. स्थळ बदलले, काळ बदलला, नोकरी बदलली. पण ज्यांच्यासाठी या पायऱ्या आणि दालने बांधली ती माणसे निघून गेली आहेत आणि वास्तू मात्र त्यांच्याच वापरासाठी सज्ज उभी आहे, हा जो मूळचा अनुभव, तो जसाच्या तसा राहिला.

माझे म्हणणे एवढेच आहे की जागा लेखकाला भूत देत नाही. ती त्याला मध्येच थांबलेले जगणे देते. ओसाड माळ आणि ओस पडलेले घर यांत फरक आहे तो हाच, कारण घरात कोनाडा असतो, त्या कोनाड्यात दिव्याची काजळी असते, आणि काजळी पाहिली की दिवा लावणारा हात मनात येतोच. स्टीफन किंग या अमेरिकन कादंबरीकाराने १९७४ च्या शरद ऋतूच्या अखेरीस कोलोरॅडोतल्या स्टॅन्ली हॉटेलात एक रात्र काढली, तेव्हा ते हॉटेल हिवाळ्यापुरते बंद होण्याच्या बेतात होते आणि तो व त्याची पत्नी यांच्याखेरीज तिथे पाहुणे जवळजवळ नव्हतेच. शेकडो माणसांसाठी सजवलेल्या भोजनगृहात दोघांचेच ताट, आणि खुर्च्या उचलून टेबलांवर ठेवलेल्या. १९७७ मध्ये प्रसिद्ध झालेली 'द शायनिंग' ही कादंबरी त्या रात्रीतून आली. इथेही गोष्ट तीच आहे. हॉटेल उत्तम स्थितीत होते, तिथे केवळ माणसांची वर्दळ थांबली होती.

ब्रॅम स्टोकरने याच्या उलट बाजूने काम केले. 'ड्रॅक्युला'मधला ट्रान्सिल्व्हेनिया त्याने कधी पाहिलाच नाही. तो पुस्तकांतून उभा केला. पण १८९० साली इंग्लंडच्या व्हिटबी या बंदरगावी तो राहिला, तेव्हा तिथल्या थडग्यांवरची नावे त्याने वहीत उतरवून घेतली आणि १८८५ मध्ये त्या किनाऱ्यावर फुटलेल्या 'दिमित्री' या रशियन जहाजाची हकीकत टिपून ठेवली. १८९७ मध्ये आलेल्या कादंबरीत तेच जहाज 'डिमीटर' होऊन बंदरात शिरते. भयकथा लिहायची तर कल्पनाशक्ती मोकाट सोडावी, असे मानणाऱ्या होतकरू लेखकांनी त्याच्या टिपणांकडे जरूर पाहावे. इतकी काटेकोर नोंद हिशेबनीसच ठेवत असेल.

काही जागा मनाच्याही आधी शरीराला हात घालतात. सोलापूरहून हैदराबादच्या रस्त्याने सुमारे ४५ किलोमीटरवर नळदुर्गचा किल्ला आहे. तिथे बोरी नदीवर घातलेल्या बंधाऱ्याच्या पोटातच इब्राहिम आदिलशहा दुसरा याच्या काळात पाणीमहाल बांधला गेला. पावसाळ्यात नदी भरली की बंधाऱ्यावरून 'नर' आणि 'मादी' असे दोन प्रवाह कोसळतात, आणि आपण पायऱ्या उतरून महालात उभे राहिलो की ते पाणी आपल्या समोरून, खिडकीबाहेरून खाली जाते. अंगावर मोठी धार येत नाही, पण शेजारच्या माणसाचा शब्द ऐकू येत नाही. त्याचे ओठ हलताना दिसतात तेवढेच. भिंतीला तळहात लावला तर दगड थरथरत असल्याचे जाणवते. तिकडे विजापूरला, १६५६ मध्ये पूर्ण झालेल्या गोल घुमटाच्या सज्जात नेमका याच्या उलट अनुभव येतो, कारण वर्तुळाकार भिंत आवाजाला धरून पुढे नेते आणि पलीकडच्या टोकाला पुटपुटलेले आपल्या कानाशी बोलल्यासारखे ऐकू येते. एका ठिकाणी जवळचा माणूस मुका होतो आणि दुसऱ्या ठिकाणी दूरचा माणूस कानाशी येतो. दोन्हींची कारणे भौतिकशास्त्रात आहेत, पण शरीर ती कारणे विचारायला थांबत नाही.

इंग्लंडमधल्या कॉव्हेंट्री येथील अभियंते व्हिक टँडी यांनी १९९८ मध्ये याच अंगाने एक निबंध लिहिला. आपल्या प्रयोगशाळेत त्यांना अस्वस्थ वाटे, एकदा तर डोळ्यांच्या कडेला करडी आकृती दिसली. पुढे एका चिमट्यात धरलेले तलवारीचे पाते आपोआप थरथरताना पाहून त्यांनी शोध घेतला, तेव्हा नव्या पंख्यामुळे खोलीत सेकंदाला सुमारे १९ कंपनांचा, कानाला न कळणारा नाद घुमत असल्याचे आढळले. त्यांच्या निष्कर्षावर पुढे मतभेद झाले, आणि ते व्हायलाच हवेत. लेखकासाठी मात्र त्यात मोलाची गोष्ट आहे. भीतीचे कारण सापडल्यावर भीती नाहीशी होते असे नाही. पंखा बंद केला तरी ती करडी आकृती पाहणाऱ्याच्या आठवणीत राहतेच.

आता आपल्या गावाकडे येतो. नारायण धारप आणि रत्नाकर मतकरी यांनी मराठी वाचकाला गूढकथेची जी गोडी लावली, तिचे ऋण मोठे आहे. पण त्यांच्यानंतर लिहिणाऱ्या पुष्कळांनी वाडा, विहीर आणि पिंपळ एवढेच साहित्य पुनःपुन्हा वापरले, आणि सोलापुरात बसून लिहिणाराही कोकणातली पावसाळी रात्रच रंगवू लागला, याचे मला मनापासून वाईट वाटते. किल्ल्याचा बुरूज ढासळत होता म्हणून कोणाला तरी त्यात पुरले, ही दंतकथा महाराष्ट्रात अनेक ठिकाणी ऐकू येते. ती सांगणे सोपे आहे; पण पुरल्या गेलेल्या बाईला नाव, सासर-माहेर आणि आवाज देण्याचे कष्ट जो घेत नाही, त्याच्या कथेत तिचा दुसऱ्यांदा बळी जातो.

आपल्याकडे गिरण्या आहेत. १८७७ साली सुरू झालेली जुनी गिरणी, मग नरसिंग गिरजी, लक्ष्मी, विष्णू, जाम. त्या एकेक करून बंद पडत गेल्या. विणाईच्या खात्याची रचना डोळ्यांपुढे आणावी. अशा खात्यांचे छप्पर करवतीच्या दात्यांसारखे असे आणि त्याच्या काचा उत्तरेकडे ठेवत, म्हणजे थेट ऊन आत येऊ नये आणि सुतावर दिवसभर सारखा उजेड पडावा. परिणाम असा, की भर दुपारीही आत सावली जवळजवळ पडत नसे. सूत तुटू नये म्हणून हवा मुद्दाम दमट ठेवत; बाहेर चाळीस अंशांची कोरडी रखरख आणि आत ओल. साच्यांच्या, म्हणजे यंत्रमागांच्या, खडखडाटात शब्द ऐकू येत नसल्यामुळे माणसे हातवाऱ्यांनी आणि ओठांच्या हालचालींवरून बोलत. ती माणसे कोण, तर तेलंगणातून आलेले पद्मशाली विणकर, कन्नड बोलणारे, मराठी बोलणारे, उर्दू बोलणारे. या चार भाषांच्या माणसांची खात्यातली पाचवी भाषा हातांची होती. यंत्रे थांबली त्या दिवशी ती भाषा बोलण्याचे कारणच संपले.

सावली नसलेली दुपार, ओलसर हवा आणि शांततेतही हातांनीच बोलत राहणारा माणूस, एवढे साहित्य आपल्या पूर्व भागात हाताशी असताना लेखकाला परक्या धुक्याची उसनवारी करण्याची गरज उरत नाही. पण हे साहित्य विटांमध्ये फार काळ टिकणारे नाही, कारण गिरण्यांच्या जागा मोकळ्या होत आहेत, आणि ज्यांनी त्या खात्यांत काम केले ते लोक आता वृद्ध आहेत. म्हणून रात्री बॅटरी घेऊन पडक्या भिंतींचे फोटो काढण्याआधी नव्या लेखकाने दिवसाउजेडी त्यांच्या घरी जावे. शेवटच्या पाळीला भोंगा वाजला की नाही, साच्यावर अर्धे राहिलेले कापड कोणी कापून काढले, डबा ठेवायच्या फळीवर कोणाचा डबा राहून गेला, मुकादम त्या दिवशी काय बोलला, आणि पुढचे किती दिवस घरातली माणसे भोंग्याच्या वेळेला आपोआप जागी होत होती, हे त्यांना विचारावे आणि उत्तर त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्यावे.