कान्हाचे गवे बांधवगडात

(दृश्य: जानेवारीची पहाट. कान्हाचं कुरण, दवाने पांढरं पडलेलं गवत.)

धुक्यातून आधी शिंगं दिसतात, मग काळंभोर अंग. गुडघ्याखाली पाय पांढरे, मोजे चढवल्यासारखे. पूर्ण वाढलेला नर हजार किलोपर्यंत भरतो. आपल्याकडे त्याला सरसकट गवारेडा म्हणतात, पण हा रेड्याचा भाऊबंद नव्हे. हा गाय-बैलांच्या कुळातला गवा. दाजीपूरच्या जंगलात ज्यांनी तो जवळून पाहिला आहे, त्यांना त्याची ती थबकून रोखलेली नजर विसरता येत नाही.

मध्य प्रदेशातल्या बांधवगडातही गवे होते. हंगामाप्रमाणे ते आसपासच्या रानात जायचे, परत यायचे. मधलं रान तुटत गेलं, तिथे शेतं आणि वस्त्या आल्या. कळप रोडावला. १९९८ नंतर बांधवगडात गवा दिसलाच नाही. बांबू होता, गवत होतं, वाघ तर होतेच. ते गवत खाणारा सगळ्यात दांडगा प्राणी तेवढा उरला नव्हता.

मग ठरलं, कान्हातून गवे आणायचे.

(दृश्य: शहरातला रस्ता, भिंती, गर्दीचे आवाज.)

हे काम किती नाजूक, ते पुणेकरांना सांगायला नको. ९ डिसेंबर २०२० ला कोथरूडच्या वस्तीत एक गवा शिरला. मागे माणसं, पुढे भिंती. जिवाच्या आकांताने तो धावत राहिला. शेवटी बेशुद्ध करून त्याला पकडलं, आणि त्याच दिवशी तो गेला. भेदरून पळत सुटलेल्या जनावराचं अंग तापतं, स्नायू निकामी होऊ लागतात, हृदय साथ सोडतं. एवढा बलदंड प्राणी, पण त्याला भीती सोसत नाही.

(दृश्य: पुन्हा कान्हा. जीप, जंगलखात्याची माणसं, ट्रक.)

म्हणून कान्हात सगळी धडपड त्याची भीती कमी ठेवण्यासाठी होती. दिवस थंडीचे निवडले. औषधाची सुई लागून गवा खाली बसला, की लगेच डोळ्यांवर पट्टी. आवाज नाही, घाई नाही. श्वास आणि अंगाचा ताप तपासत राहायचं. मग बरीच माणसं मिळून त्याला स्ट्रेचरवर उचलायची, गाडीत चढवायची आणि उताऱ्याचं औषध द्यायची. गवा उठून उभा राहिला, की पुढचा अडीचशे किलोमीटरच्या आसपासचा रस्ता.

जानेवारी २०११ मध्ये १९ गवे पोहोचले, पुढच्या जानेवारीत ३१. एकूण ५०.

बांधवगडात त्यांना थेट मोकळं सोडलं नाही. आधी कुंपणाच्या मोठ्या आवारात ठेवलं, तिथलं पाणी आणि चारा अंगवळणी पडू दिला. काहींच्या गळ्यात रेडिओ कॉलर होती. कोण कुठे चरतंय, कोण कळपापासून तुटलंय, ते रोज पाहिलं जायचं. वाघांनी काही गवे मारले. ते होणारच होतं, आणि मला त्यात अपयश दिसत नाही. रान परत द्यायचं तर वाघासकट द्यावं लागतं.

(दृश्य: बांबूच्या बेटाकडेने चालणारा कळप. मध्ये तांबूस वासरू.)

वासरं जन्मली. त्यांनी कान्हा पाहिलेलंही नाही. ५० चे शंभरावर गेले.

आणि २०२५ मध्ये ट्रक पुन्हा बांधवगडाच्या वाटेला लागले. या वेळी गवे सातपुडा व्याघ्र प्रकल्पातले होते, एकाच गोतावळ्यात वाढलेल्या या कळपाला नवं रक्त मिळावं म्हणून आणलेले.