परत कोण आलं?

नमस्कार मंडळी. तिळगूळ घ्या, गोड बोला. आज मी थोडं टोचेल असंही बोलणार आहे, तेही गोड मानून घ्या.

नाताळच्या सुट्टीत आम्ही इथे कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावरच्या पॅसिफिक ग्रोव्हला मोनार्क फुलपाखरं बघायला गेलो होतो. सकाळची वेळ, समुद्रावरून धुकं येत होतं. उंच फांदीवर वाळक्या पानांचा एक लहानसा घोस लटकलेला दिसला. साधारण १३ अंशांच्या खाली या फुलपाखरांना धड उडता येत नाही, म्हणून पंख मिटून, एकमेकांना चिकटून नुसती फांदी धरून बसतात. मग फांदीवर ऊन उतरलं आणि त्यातलं एक 'पान' उघडलं. शेंदरी! मग दुसरं. माझ्या नऊ वर्षांच्या लेकीने माझा हात इतका घट्ट दाबला की अंगठीचा वळ उठला.

शेजारी उभ्या असलेल्या एक आजी म्हणाल्या, "दर हिवाळ्यात परत येतात बघा." लेक मला हळूच म्हणाली, "आई, परत कशी? ही तर पहिल्यांदाच आलीत ना?"

खरंच की! उन्हाळ्यातल्या पिढ्या जेमतेम दोन ते पाच आठवडे जगतात. शरदात जन्मलेली पिढी मात्र सहा-आठ महिने तग धरते आणि शेकडो मैल उडून पणजी-खापरपणजीच्या राईत येते. वाट दाखवायला मागचं कुणी उरलेलं नसतं.

गाडीत बसल्यावर पुन्हा तेच. "आई, सांगलीला जाताना तू 'परत जाऊया' म्हणतेस. मीपण परत जाते का?" तिचे बाबा 'हो तर' म्हणाले. मला काही बोलवेना.

आणि आता या फुलपाखरांच्या हिवाळी मोजणीचे आकडे सांगते. १९९७ मध्ये या पश्चिम किनाऱ्याच्या बाजूला १२ लाखांवर मोनार्क मोजले होते. २०२४ मध्ये ९,११९. २०२० मध्ये तर दोन हजारही नव्हते, पण पुढच्याच वर्षी दोन लाखांच्या वर गेले. म्हणून मी आशा सोडलेली नाही.

ही मोजणी बहुतांशी स्वयंसेवक करतात. दिवाळी पहाटेला आपण दोन-दोन तास गाडी हाकत येतो. मोजणीसाठी मी ग्रुपवर तीनदा लिहिलं, आले दोघं. वाईट वाटलं, खरंच सांगते.

दुसरं म्हणजे, मोनार्कच्या अळ्या मिल्कवीड या झाडाची पानं खाऊन वाढतात, पण नर्सरीतून हौसेने आणलेलं ते लाल-पिवळ्या फुलांचं ट्रॉपिकल मिल्कवीड कृपा करून काढा. ते हिवाळ्यातही हिरवं राहतं, त्यावर परजीवी साठत जातात आणि अळ्यांना लागण होते. इथलं देशी मिल्कवीड लावा. किनाऱ्यापासून पाच मैलांच्या आत राहत असाल तर तेही नको, मधासाठी फुलझाडं लावा. आणि बागेतली कीटकनाशकाची फवारणी थांबवा.

मिल्कवीड आपल्या रुईच्या भावकीतलंच. शनिवारी मारुतीला जिच्या पानांची माळ घालतो, तीच रुई. तिच्यावर आपल्याकडे बिबळ्या कडवा नावाचं फुलपाखरू अंडी घालतं, ते मोनार्कचं जवळचं भाऊबंद. हे लेकीला सांगितलं, तर म्हणाली, "मग सांगलीला गेल्यावर मला ते झाड दाखव."

आमच्या परसात, विहिरीपाशी रुई होती. मागच्या खेपेला गेले तेव्हा विहीर बुजवून तिथे फरशी घालायचं चाललं होतं. जूनची तिकिटं काढलीत. रुई आहे का बघ म्हणून भावाला फोन केलाय. त्याचा अजून उलटा फोन आलेला नाही.