जिवाणूंचे मणी का विरघळतात?

नमस्कार. फिनॉल (कारखान्यांच्या सांडपाण्यातले एक विषारी रसायन) खाणाऱ्या जिवाणूंचे मणी सांडपाण्यात टाकले की विरघळतात, ही तक्रार तुमच्यापैकी इतक्या जणांनी लिहिली आहे की आज मी तेवढ्यावरच बोलणार आहे.

मणी करण्याची रीत तुम्हांला ठाऊकच आहे. २ ते ४ टक्के सोडियम अल्जिनेटमध्ये, म्हणजे समुद्री शेवाळापासून मिळणाऱ्या चिकट पदार्थाच्या द्रावणात, स्यूडोमोनास पुटिडासारखे जिवाणू कालवायचे आणि कढईत बुंदी पाडावी तसे त्याचे थेंब कॅल्शियम क्लोराइडच्या द्रावणात सोडायचे. मोकळे जिवाणू पाण्याबरोबर वाहून जातात, मण्यांत कोंडलेले टाकीतच राहतात.

हा मणी कॅल्शियमने बांधलेला असतो, आणि फॉस्फेट ते कॅल्शियम ओढून घेते. जळगावात एम. एस्सी. करताना मी साबुदाण्यासारखे टणक मणी फॉस्फेट बफरमध्ये (सामू म्हणजे pH स्थिर ठेवणाऱ्या फॉस्फेटच्या द्रावणात) ठेवून घरी गेलो, तर सकाळी फ्लास्कमध्ये पांढुरकी पेज झालेली होती. त्या वेळी मला जिवाणू बदलून पाहण्याचा सल्ला मिळाला आणि बिचाऱ्या निर्दोष जिवाणूंवर मी दीड महिना घालवला.

‘आम्ही फॉस्फेट बफर वापरलेलाच नाही,’ असे धुळ्याच्या एका विद्यार्थिनीने ठासून कळवले होते. परंतु तिच्या पोषक माध्यमाच्या यादीत डायपोटॅशियम फॉस्फेट दुसऱ्याच ओळीत होते. तुम्ही ते बफर म्हणून घाला किंवा खाद्य म्हणून, मण्याचे कॅल्शियम जायचे ते जातेच. जिवाणूंना फॉस्फरस लागतो, पण तो बीओडीच्या (सांडपाण्यातला सेंद्रिय मळ कुजवताना जिवाणूंना लागणाऱ्या प्राणवायूच्या) साधारण शंभराव्या हिश्श्याइतकाच. म्हणून फॉस्फेट तेवढेच ठेवावे, सामू सांभाळण्याचे काम ट्रिस बफरकडे द्यावे आणि माध्यमात थोडे कॅल्शियम क्लोराइड राहू द्यावे.

अजूनही पटत नसेल, तर स्वयंपाकघरात या. आपल्याकडच्या बोअरच्या जड पाण्यात तुरीची डाळ लवकर शिजत नाही, कारण त्या पाण्यातले कॅल्शियम डाळीच्या पेशी एकत्र चिकटवून ठेवणाऱ्या पेक्टिनला घट्ट धरून ठेवते; चिमूटभर सोडा पडला की ती पकड सैल होते आणि डाळ मऊ पडते. सोडियमचे क्षार भरपूर असलेले कारखान्याचे सांडपाणी मण्यांवर हळूहळू असाच परिणाम करते, मग फॉस्फेट नावालाही नसले तरी चालते. म्हणून अशा पाण्यासाठी मी अल्जिनेटचा हट्ट सोडून पॉलिव्हिनाइल अल्कोहोलचे मणी किंवा पॉलियुरेथेनचा फोम सुचवतो.

मणी फुटू नयेत म्हणून ते लिंबाएवढे करावेत, ही सूचनाही आली आहे. तसे कृपया करू नका, कारण प्राणवायू वरच्या पातळ थरापलीकडे फारसा पोहोचत नाही आणि आतले जिवाणू नुसते बसून राहतात.

पुढच्या वेळी सगळे मणी टाकीत ओतण्याआधी वीस मणी त्याच सांडपाण्यात रात्रभर ठेवा आणि सकाळी हातमोजे घालून चिमटीत दाबून पाहा.